सतरा नंबरचा पाना

वादाला सुरुवात झाली ती एका वॉशरवरून. वॉशर म्हणजे बोल्टाखाली घालायची तांब्याची चकती, शर्टाच्या बटणाएवढी. कोपऱ्यावरचा मेकॅनिक मोटारसायकलचं ऑईल बदलायला बसला होता. बसता बसता म्हणाला, "वॉशर नवीन टाकू." यावर साधा माणूस "टाक बाबा" म्हणून पेपर वाचायला लागला असता. पण समोर उभे होते ऑडिटरसाहेब.

ते खरं म्हणजे ऑडिटर नव्हते. ऑडिट खात्यात वरिष्ठ कारकून होते. पण दुसऱ्यांच्या खरेदीत खोट काढण्यात उभी हयात गेल्यामुळे अख्खी इमारत त्यांना ऑडिटरसाहेब म्हणायची, आणि ते ती चूक दुरुस्त करत नसत. दुसऱ्याची चूक समोर दिसत असून त्यांनी सोडून दिली असेल तर ती एवढीच.

"जुन्या वॉशरला काय झालं?" त्यांनी विचारलं.

"चेपलाय."

"किती?"

मेकॅनिकने मान वर केली. "किती म्हणजे?"

"म्हणजे चेपण्याचं काही प्रमाण असेल ना! अमुक इतका चेपला की बदलायचा, तमुक इतका चेपला की चालवून घ्यायचा. असं काही तुमच्यात ठरलेलं असतं की नाही?"

मेकॅनिकने हातातला पाना खाली ठेवला. फडक्याला हात पुसले. मग अगदी शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्ही असे डोक्यावर उभे राहिलात की माझा हात चालत नाही. एक करा. गाडी घेऊन जा आणि तुम्हीच करा. जमेल तुम्हाला. कागदावर तर नक्कीच जमेल."

बाकावर बसलेली गिऱ्हाईकं हसली. त्यातलं एक तर ओळखीचंही नव्हतं. ओळखीच्या माणसाचं हसणं एक वेळ गिळता येतं. अनोळखी माणसाचं घशात अडकतं. "करतोच!" असं म्हणून ऑडिटरसाहेबांनी गाडी स्टँडवरून काढली. ती पहिल्या किकमध्ये सुरू झाली असती तर त्या निघून जाण्याला काही शान आली असती. पण ती झाली नाही. दुसऱ्या किकलाही झाली नाही. शेवटी त्याच गिऱ्हाईकांपैकी एकाने मागून धक्का दिला. तोही नेमका तो अनोळखीच.

मानापमानाचा भाग सोडला तरी या प्रकरणात खरी घाई होती ती मुलीची. तिला एका रक्त-तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. काम घरोघर जाऊन नमुने गोळा करण्याचं, आणि प्रयोगशाळेची अट एकच होती: गिअरच्या गाडीचं लायसन्स पाहिजे. लायसन्सच्या परीक्षेची तारीख सोमवारची मिळाली होती. ती चुकली तर पुढची कधी मिळेल हे परिवहन कार्यालयाच्या खिडकीतल्या माणसालाही ठाऊक नव्हतं, आणि प्रयोगशाळा तोवर थांबणार नव्हती. परीक्षेला गाडी आपली आपण न्यायची. आणि यांच्या गाडीचं तेल इतकं जळकट झालेलं की जरा तापली की ती चमच्यांच्या डब्यासारखी खडखडायची.

"बाबा, दुसऱ्या मेकॅनिककडे टाकू या का?" मुलीने विचारलं.

"कशाला? घरी करू. ऑईल बदलणं म्हणजे काय मेंदूचं ऑपरेशन आहे?"

"मेंदूचं असतं तर तुम्ही केलं नसतं, असं काही नाही," बायको आतून म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची. तिची बहुतेक वाक्यं उत्तरासारखी असत. त्यावर पुढे काही लिहायला जागाच राहत नसे.

आता हत्यारं घेणं आलं. ऑडिटरसाहेब तीन दुकानांत गेले, तीन दर काढले आणि सर्वांत कमी दराच्या दुकानात परत आले. सरकारात खरेदी अशीच होते आणि सरकार अजून चालू आहे, हा त्यांचा बिनतोड मुद्दा होता. त्याआधी घरून निघताना जिन्यावर वरच्या मजल्यावरचे फोरमन भेटले होते. कुठल्याशा कारखान्यातून निवृत्त होऊन त्यांना जमाना लोटला होता, पण हाताखाली माणसं नसल्याचं त्यांना अजून कोणी नीट समजावून सांगितलं नव्हतं.

"हत्यारं घेतोयस म्हणे?" त्यांनी वाट अडवली. "ऐक. स्वस्त हत्यार श्रीमंतानं घ्यावं. त्याला दोनदा घेणं परवडतं. आपल्यासारख्यानं मोजकं घ्यायचं, पण चांगल्या पोलादाचं. आधी गाडीचे बोल्ट बघ, त्या मापाचे पाने घे, बस्स. आणि ती गोटी येते ना..."

"गोटी?"

"अरे, पान्याची वाटी! टोपीसारखी बोल्टावर बसते ती. ती सहा कोनी घे. बारा कोनी घेऊ नकोस, बोल्टाचे कान सोलते ती."

सल्ला अगदी योग्य होता. पण तो अर्धा तास चालला, आणि त्यात बॉयलरचा एक जुना अपघात, एका साहेबाचं परदेशी टॉर्क रेंच आणि हल्लीच्या पोलादाची अब्रू असं सगळं येऊन गेलं. त्यामुळे खाली उतरेपर्यंत ऑडिटरसाहेबांच्या लक्षात एवढंच राहिलं की सहा आणि बारा यात काहीतरी फरक आहे. दुकानात गेल्यावर त्यांनी साहजिकच बारा घेतलं. दुपटीने जास्त, आणि दर तोच!

पेटी निळी होती. उघडली की आत पाने, गोट्या, पकडी, स्क्रू ड्रायव्हर अशा थाटात मांडलेले, की हात लावायला जीव होऊ नये. सगळं आरशासारखं चकचकीत. एका गोटीत तर ऑडिटरसाहेबांना स्वतःचा चेहरा दिसला. जरा फुगलेला, पण समाधानी.

"एवढ्यातला आपल्याला लागतो कुठला?" बायकोने विचारलं.

"सगळेच लागतील हळूहळू."

"आत्ता कुठला लागतो?"

ऑडिटरसाहेब पार्किंगमध्ये जाऊन गाडीखाली आडवे झाले आणि बोल्ट मोजून आले. सतरा नंबर. पेटीत बोट फिरवत गेले: तेरा, चौदा, पंधरा, सोळा, अठरा. पुन्हा मागून आले: अठरा, सोळा. खालचा कप्पा उचलून पाहिला. पेटी उलटी करून हलवली. दुकानदाराला फोन लावला, तर तो म्हणाला, "साहेब, सतरा कोणी वापरत नाही हो. म्हणून कंपनी देत नाही."

"माझी गाडी वापरते!"

"मग गाडीवाल्या कंपनीला विचारा."

ऑडिटरसाहेबांनी फोन ठेवला. उभ्या आयुष्यात त्यांनी कितीतरी खात्यांची कितीतरी खरेदी तपासली होती. खुर्च्या आल्या पण पाय आले नाहीत, पंखे आले पण छत नव्हतं, अशा प्रकरणांवर त्यांनी झणझणीत आक्षेप काढले होते. आता स्वतःवर आक्षेप काढायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांना वाटलं, थोडं समजून घ्यायला हवं.

ऑफिसात टेबल डुगडुगलं तर पायाखाली कागदाची घडी घालतात. त्याच न्यायाने त्यांनी अठरा नंबरच्या पान्यात कागदाची घडी घातली, पाना बोल्टावर बसवला आणि नेट लावला. पाना सटकला. चार बोटांची सालं गाडीच्या सांगाड्यावर निघाली, आणि बोल्टाचा पहिला कान गेला. त्यांनी घडी जाड केली. दुसरा कान गेला. मग पेटीतला तो मागेपुढे सरकणारा, कुठल्याही मापाला बसतो म्हणून सांगतात तो पाना लावला. तो कुठल्याही मापाला बसत होता हे खरं, पण धरत कुठल्याच मापाला नव्हता. सगळं आटोपलं तेव्हा बोल्टाला कान असे उरलेच नव्हते. सुपारीसारखा गुळगुळीत झाला होता.

"मी सांगितलं होतं," मागून आवाज आला. फोरमन खुर्ची घेऊनच खाली आले होते.

"फोरमनसाहेब, तुमच्याकडे सतरा नंबरची गोटी असेल ना? सहा कोनी?"

"आहे की. उत्तम आहे."

"मग जरा..."

"अंहं. हत्यार आणि दात घासायचा ब्रश मी कुणाला देत नाही." आणि ते खुर्चीवर बसले. "पण बघतो मी. तू चालू ठेव."

पुन्हा दुकान. या खेपेस सहा कोनी गोटी सुटी मिळाली. दुकानदाराने मोठ्या मनाने सल्लाही दिला. "आता हातानं नाही निघायचा साहेब. इम्पॅक्ट गन घ्या. टर्र केलं की बोल्ट बाहेर." त्याने दाखवलेल्या खोक्यावर एक दणकट पुरुष हसतमुखाने ट्रकचं चाक काढत होता. ऑडिटरसाहेबांनी तीन गनचे दर विचारले आणि... आता ते काय सांगायचं! माणसाचा हात जिथे वळायचा तिथेच वळतो.

घरी येऊन खोकं उघडलं तर गन होती, बॅटरी नव्हती.

"खोक्यावर चित्रात बॅटरी आहे!" ऑडिटरसाहेब दुकानात परत येऊन म्हणाले.

"चित्रात माणूसपण आहे साहेब," दुकानदार म्हणाला. "तो कुठे आलाय?"

या युक्तिवादात काहीतरी खोट आहे हे ऑडिटरसाहेबांना कळत होतं, पण नेमकी कुठे ते सापडेना. दुकानदाराने खोक्याच्या बुडाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेली ओळ दाखवली. बॅटरी वेगळी. चार्जर त्याहून वेगळा. चार्जरची हमी पाहिजे असेल तर एका क्रमांकावर फोन करून नोंदणी करायची. दोन्ही विकत घेऊन ऑडिटरसाहेबांनी फोन केला. यंत्रातल्या बाईने त्यांना मिक्सरसाठी एक, इस्त्रीसाठी दोन आणि गीझरसाठी तीन दाबायला सांगितलं. इम्पॅक्ट गन कशातच नव्हती. बराच विचार करून त्यांनी मिक्सर दाबला. मग फोनवर एक माणूस आला आणि त्याने विचारलं, "सर, भांड्याचं झाकण नीट बसतंय का?"

असं करता करता रविवार उजाडला. दुसऱ्या दिवशी परीक्षा. बॅटरी भरायला लावायची तर घरातला प्लग गाडीपासून तीन मजले वर, म्हणून ऑडिटरसाहेबांनी चार्जर पार्किंगमधल्या मीटरच्या खोलीत, सामाईक प्लगला लावला. सगळ्यांच्या विजेवर आपलं खाजगी काम करणं बरोबर नाही, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. पण मुलीच्या नोकरीचा प्रश्न होता, आणि शिवाय कोणी बघत नव्हतं.

थोडा वेळ चार्जर शहाण्यासारखा वागला. मग त्यातून जळक्या रबराचा वास आला, मग 'फट्' असा आवाज झाला, आणि इमारतीतले पंखे, टीव्ही, पाण्याचा पंप असं सगळं एकदम गप्प झालं. त्या शांततेत लिफ्टच्या दिशेने चेअरमनबाईंचा आवाज आला.

"कोण आहे रे तिकडे?"

चेअरमनबाई सोसायटीच्या चेअरमन होत्याच, पण त्या नसत्या तरी लोकांनी त्यांना चेअरमनबाईच म्हटलं असतं. लिफ्ट पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे उभी होती. ऑडिटरसाहेब जिना चढून जाळीच्या दाराशी गेले. वर पाहिलं तर बाईंच्या चपला आणि भाजीची पिशवी तेवढी दिसत होती.

"मी आहे बाई. जरा चार्जर..."

"कुठे लावलात?"

"आपलं ते... मीटरच्या खोलीत."

"सामाईक प्लगला?" चपला जागच्या जागी वळल्या. "थांबा. नोटीस काढते. आत्ताच काढते. कागद आहे का कोणाकडे?"

कागद आणि पेन कायम खिशात असणारा माणूस इमारतीत एकच होता. ऑडिटरसाहेबांनी पेन काढलं. अंगवळणी पडलेल्या गोष्टी संकटातही सुटत नाहीत.

"लिहा," वरून आवाज आला. "सर्व सभासदांना कळवण्यात येते की एका सभासदाने निष्काळजीपणाने..."

"बाई, 'निष्काळजीपणाने' नको. त्याला पुरावा लागतो. 'अनवधानाने' म्हणू."

"निष्काळजीपणाने!"

"बरं."

"...सामाईक विजेचा स्वतःच्या फायद्यासाठी वापर केला आणि..."

"इथे 'विनापरवानगी' हवं. नाहीतर तो सभासद म्हणेल, मनाई कुठे होती?"

"घाला," चेअरमनबाई म्हणाल्या. आवाज किंचित मऊ झाला होता. "दंडाचं काय लिहायचं?"

"ते सर्वसाधारण सभेत ठरवू, असं लिहितो. तुम्ही एकट्यांनी ठरवलंत तर उद्या आक्षेप निघेल."

स्वतःविरुद्धची इतकी निर्दोष नोटीस त्या इमारतीत पूर्वी निघाली नव्हती. तेवढ्यात फोरमननी मीटरच्या खोलीत जाऊन जळका चार्जर उपटला आणि खटका वर केला. लिफ्ट हलली. चेअरमनबाई दुसऱ्या मजल्यावर उतरल्या, जिन्याने खाली आल्या, ऑडिटरसाहेबांच्या हातातला कागद घेतला, वाचला, आणि म्हणाल्या, "सही करते. अक्षर छान आहे तुमचं."

बॅटरी थोडीफार भरली होती. ऑडिटरसाहेबांनी सहा कोनी गोटी बोल्टावर हातोडीने ठोकून बसवली, गाडीखाली उताणे झोपले आणि गनचा घोडा दाबला. टर्रर्र! बोल्ट फिरला.

"फिरला!" मुलगी ओरडली. बायकोने टाळी वाजवली. गेल्या कित्येक दिवसांत ऑडिटरसाहेबांच्या कुठल्याच कामाला टाळी मिळाली नव्हती. ते घोडा दाबूनच राहिले. बोल्ट फिरत होता, फिरत होता, मजेत फिरत होता. मात्र खाली येत नव्हता.

"कुठल्या बाजूला फिरवतोयस?" फोरमननी खुर्चीतून विचारलं.

"डावीकडे."

"कुणाच्या डावीकडे?"

ऑडिटरसाहेबांनी गन बंद केली. उताणं झोपून डोकं मागच्या चाकाकडे असलेल्या माणसाची डावी बाजू कोणती, यावर घरच्यांत मतभेद झाले. मग बायको खाली वाकली, गनवरचा बाण तिने पाहिला आणि म्हणाली, "अहो, तुम्ही तो आवळत होतात."

आवळून आवळून बोल्टाने आतले आटेच सोलून काढले होते. आता तो आवळलाही जाईना आणि निघेना. नुसता गरगरत होता. फोरमन म्हणाले, "पकडीनं धरून ओढ." ऑडिटरसाहेबांनी ओढला. बोल्ट बाहेर आला, त्याच्या अंगाला गुंडाळलेली ॲल्युमिनियमची चकचकीत तार आली; ते आटे. आणि पाठोपाठ सगळं काळं तेल आलं. तेलासाठी आणलेलं घमेलं हाताशीच होतं, फक्त खाली सरकवायचं राहिलं होतं. सदरा, बनियन, डावा कान आणि पार्किंगची बरीचशी फरशी यांनी तेल वाटून घेतलं.

कोणी हसलं नाही. मुलगी त्या बोल्टाकडे बघत होती.

"बाबा, म्हणजे उद्या गाडी नाही?"

त्यांनी मेकॅनिकला फोन लावला. लाज गुंडाळून ठेवून लावला. मेकॅनिकने सगळं ऐकून घेतलं. तो हसला असता तर बरं झालं असतं. पण तो दवाखान्यात बोलतात तसं म्हणाला, "खालचं कव्हर उतरवावं लागेल साहेब. आटे नवीन पाडायला द्यावे लागतील. उद्याचं काही खरं नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मुलगी वर निघून गेली. दार तिने आपटलं नाही, हळूच लावलं. ऑडिटरसाहेब तेलात बसून राहिले. दुकानदार, कंपनी, यंत्रातली बाई, सतरा नंबर न वापरणारं जग, सगळ्यांवर त्यांनी मनातल्या मनात आक्षेप काढून पाहिले. एकही टिकेना. शेवटी सगळे फिरून त्याच एका माणसाच्या नावावर जमा होत होते, आणि त्याच्या कानातून तेल गळत होतं.

इमारतीत गिअरची दुसरी गाडी एकच होती. फोरमनची. जुनी, अवजड, काळी. ते तिला रोज पुसत आणि कधी कोणाला देत नसत. जो माणूस गोटी देत नाही तो गाडी काय देणार! तरी ऑडिटरसाहेब अंघोळ करून, साबणाला दाद न देणारा कान घेऊन वर गेले. बसा म्हटल्यावरही बसले नाहीत.

"फोरमनसाहेब, तुम्ही सांगितलेलं सगळं बरोबर होतं," ते म्हणाले. "मोजकं घ्यायचं, चांगलं घ्यायचं, सहा कोनी घ्यायची. मी ऐकलं नाही. चूक माझी आहे आणि भोगतेय पोर. उद्यापुरती तिला तुमची गाडी द्या."

तुम्ही सांगितलेलं बरोबर होतं, हे वाक्य निवृत्त झाल्यापासून फोरमनना कोणी ऐकवलं नसावं.

"मी बरोबर येणार," ते म्हणाले.

"या की."

"मैदानापर्यंत मी चालवणार. पोर मागे बसेल."

"चालेल."

"आरसा पुसायला काढला होता, तो जरा ढिला बसलाय. तिथे आवळावा लागेल. तू बसनं ये आणि तुझी ती पेटी घेऊन ये. माझी हत्यारं मी घराबाहेर काढत नाही."

सोमवारी सकाळी ऑडिटरसाहेब निळी पेटी मांडीवर घेऊन, बसमधल्या प्रत्येकाच्या गुडघ्याला ती लावत, परिवहन कार्यालयाच्या मैदानावर पोचले. खिडकीतला माणूस म्हणत होता की गाडी उमेदवाराची नाही, मालकाची संमती पाहिजे. फोरमन म्हणत होते, "मालक हा काय समोर उभा आहे!"

"तुम्ही उभे राहून काय उपयोग? कागद उभा पाहिजे."

ऑडिटरसाहेबांनी खिशातलं पेन काढलं. ती नोटीस सोडली तर इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना येत असलेलं काम सांगितलं होतं.

मग ते गाडीपाशी बसले आणि आरशाचा नट आवळू लागले. पेटीतला चौदा नंबर तिथे चपखल बसला. शेजारी एक काकू आपल्या मुलाची गाडी धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, आमची नंबरप्लेट लोंबतेय. साहेब नापास करतील का हो?" ऑडिटरसाहेबांनी ती आवळून दिली. मग एकाचा ब्रेकचा दांडा, दुसऱ्याचं साखळीचं कव्हर. परीक्षेला आणलेल्या गाड्यांत ढिलं नाही असं काही नव्हतंच. बघता बघता त्यांच्याभोवती रांग लागली.

"मेस्त्री, आमचं जरा आधी बघा, माझा नंबर आलाय."

मेस्त्री! ऑडिटरसाहेबांनी एकवार वर पाहिलं. ही चूकही त्यांनी दुरुस्त केली नाही. "रांगेनं या," ते म्हणाले.

या गडबडीत मुलीचा नंबर कधी आला आणि गेला हे त्यांना कळलंच नाही. ज्यासाठी एवढा अट्टहास केला ती परीक्षा त्यांच्या पाठीमागे झाली. ते तेव्हा एका नव्या कोऱ्या गाडीचा आरसा आवळत होते. मालक जाडजूड, गंभीर गृहस्थ होता. नट आवळला होता, पण ऑडिटरसाहेबांना वाटलं, अजून थोडा. लोक बघत असले की माणसाला अजून थोडा असं वाटतंच.

'कट्.'

आरसा हातात आला. अर्धा बोल्ट आरशाबरोबर, अर्धा गाडीत. गंभीर गृहस्थ आणखी गंभीर झाला. आणि ऑडिटरसाहेबांच्या तोंडून, त्यांनी न ठरवता, आयुष्यात कधी न उच्चारलेलं एक वाक्य बाहेर पडलं.

"बोल्ट मुळातच गेलेला होता."

"असं होय?" गृहस्थ म्हणाला. "तरी मला वाटतच होतं. नवीन गाडीतपण हल्ली हलका माल घालतात हो."

"घालतात," ऑडिटरसाहेब म्हणाले. हे खपलं याचाच त्यांना धक्का बसला होता. "तुम्ही असं करा. आमच्या तिथे कोपऱ्यावर एक मेकॅनिक आहे, त्याच्याकडे जा. चांगला आहे. पत्ता देतो. माझं नाव मात्र सांगू नका."

फोरमनची काळी गाडी मघापासून रांगेमागे उभी होती, ती आता शेजारी आली. वर मुलगी होती, एकटीच, आणि तिच्या चेहऱ्यावर निकाल छापलेला होता.

"पास! आठाचा आकडा एकदाही पाय न टेकता काढला. तुम्ही बघितलं ना?"

"बघितलं तर!" ऑडिटरसाहेब म्हणाले. "फोरमन कुठे?"

"परीक्षेच्या साहेबांना जुन्या इंजिनांबद्दल सांगतायत. साहेब बिचारे घड्याळ बघतायत. आजोबा म्हणाले, गाडी नेऊन लाव जागेवर, मला अजून कार्ब्युरेटर सांगायचाय."

त्यांनी गाडी दिली! ऑडिटरसाहेबांना भरून यायला हवं होतं, पण गंभीर गृहस्थ तुटक्या बोल्टाकडे पुन्हा निरखून बघू लागला होता, त्यामुळे भरून यायला वेळ नव्हता. पेटी काखोटीला मारून ते मागे बसले. गाडी फाटकातून बाहेर पडली. मुलगी चांगली चालवत होती. गिअर कसा पडतो ते कळतही नव्हतं.

चौक ओलांडल्यावर ती म्हणाली, "बाबा, तो आरशाचा बोल्ट खरंच आधीच गेलेला होता?"

"तू समोर बघून चालव," ऑडिटरसाहेब म्हणाले.